पाठमोरी चाचणी

गोडादरा, सुरत
१२ जानेवारी २०२५

ती. आप्पांस सा. न. वि. वि.,

मशीन लावल्यावर तुझा आवाज पूर्वीसारखाच ऐकू येईल का, असं तुम्ही विचारलंत. पदवी घेतली, पण याचं उत्तर मला देता येत नाही.

कानाचं हे नवं मशीन पेशंटच्या हाती जाण्याआधी तपासायचं, हेच माझं काम. कापडाच्या लूमच्या खडखडाटात कान गेलेले इथल्या बमरोली भागातले दहा कामगार येतात. समोर बसून मी वीस शब्द बोलते, ते परत म्हणतात. बहुतेकांचे अठरा बरोबर आले. मशीन पास झालं तर होळीनंतर वाटप, आणि यादीत तुमचं नाव आहे. मग पत्र नाही, सरळ फोन करीन आणि तुम्ही "बोल पोरी" म्हणाल.

आईला नमस्कार.

तुमची उज्ज्वला

अमळनेर
२० जानेवारी

चि. उज्ज्वलास अनेक आशीर्वाद.

तुझी आई म्हणते, बहिरा नवरा बरा आहे, मशीनची घाई नको.

पण पोरी, तू समोर बसतेस ना? लूमच्या खात्यात आम्हाला कुणाचं काय ऐकू येत होतं? भाईदास दोन माग सोडून शिव्या द्यायचा, त्या मी त्याच्या ओठांवरून ओळखायचो. तीस वर्षांची सवय. दिवाळीत तुझं सगळं बोलणं कळलं म्हणून तू खूश झालीस. मी तुझ्या तोंडाकडे बघत होतो. निघताना ओट्याकडे वळून काहीतरी म्हणालीस, तेवढं राहिलं. लिहून कळव.

मशीनची वाट बघतोय.

आप्पा

गोडादरा, सुरत
३१ जानेवारी

ती. आप्पांस सा. न. वि. वि.,

तुमचं पत्र डबा खाताना वाचलं. दुसऱ्याच दिवशी त्याच दहा जणांना माझ्याकडे पाठ करून बसवलं. मशीन तेच, आवाज तेवढाच, शब्द फक्त नवे. अठराचे सहा-सात झाले. त्यातले उखाकाका वळून म्हणाले, "बेटी, तोंड दिसल्याशिवाय ऐकू कसं?"

आमचे प्रमुख श्रीरंग सर म्हणाले, घरी माणसं समोरच बसतात, पहिलाच निकाल पाठवू. मी म्हटलं, फोनला तोंड नसतं, मागून येणाऱ्या रिक्षालाही नसतं. मशीन सुधारायला वर्ष जाईल, असं त्यांनी बजावलं. ते मला ठाऊक होतं.

ओट्याकडे वळून मी म्हणाले होते, की आप्पा, सुरतेत मला तुमची फार आठवण येते. समोर बघून म्हणवलं नाही.

"लोभ असावा" लिहायचा आज धीर होत नाही, तरी लिहिते. काल दोन्ही निकाल जोडले, खाली "हे मशीन अजून पेशंटला देऊ नये" असं लिहिलं आणि सही करून अहवाल देऊन आले.

तुमची उज्ज्वला