राजकन्या झोपलेली नव्हती

१२ नोव्हेंबर

झाले!! राजकन्या झाले मी!!

जोरात ओरडायचं होतं, पण आई झोपलेली. मोरीत गेले, नळ सोडला आणि तोंडात टॉवेल कोंबून ओरडले.

चिंचवडच्या त्या हॉलमध्ये केवढ्या मुली! सगळ्या गायल्या, नाचल्या. मीही गायले, पण तेव्हा तिथले सगळे चहा पीत होते. मग निरंजन सर — मालिकेचे दिग्दर्शक — म्हणाले, "आता आडव्या व्हा. डोळे मिटा. कुणी हलायचं नाही." आणि मागून कुणीतरी स्टीलचं ताट धाडकन आपटलं! सगळ्या दचकल्या. मी नाही.

"तू कशी नाही गं दचकलीस?"

"सर, काळेवाडीत राहते मी. तिथं रात्रंदिवस हेच."

सगळे खो खो हसले. आणि निवडलं!

मालिकेचं नाव 'राजकन्या, अकरावी ब'. गोष्ट जुनीच. राजकन्येला सुई टोचते, ती झोपी जाते. फक्त इथली राजकन्या कॉलेजात जाते, आणि सुई शिवणाच्या मशीनची. ती झोपते आणि सगळे तिच्याभोवती गाणी म्हणतात — भागामागून भाग! शेवटी मात्र ती उठते आणि गाते. एकच गाणं, पण तिचं. म्हणजे माझं.

१३ नोव्हेंबर

आईला सांगितलं. ती नुकतीच महाळुंग्याच्या कंपनीतून आली होती — गाड्यांच्या वायरिंगच्या लाइनवर रात्रपाळी. चहाचा कप हातात आणि डोळे मिटलेले.

"नुसतं झोपायचं काम? मलाबी लाव की गं तिथं."

मग म्हणाली, "अभ्यास बुडवू नको." आणि झोपलीच.

पप्पा नव्या गाड्या वाहणाऱ्या ट्रेलरवर असतात. चाकणहून निघाले की कधी गुवाहाटी, कधी कोची. घरात मी आणि झोपलेली आई. एकच खोली. कुकर लावायचा नाही, पातेल्यातच भात. मोबाइलला इयरफोन. गाणं म्हणायचं ते ओठ मिटून, नाकातल्या नाकात. सरांना यातलं काही सांगितलं नाही. काळेवाडीचं नाव सांगून मोकळी झाले!

१९ नोव्हेंबर

शूटिंग चाकणजवळ निघोज्याला आहे. कुठलीतरी कंपनी बंद पडली, तिची पत्र्याची शेड. गावातल्या सोपानरावांची जागा. आत पाऊल टाकलं आणि राजवाडा! थर्माकोलचे खांब, जाळीचा पलंग, गुलाबाच्या वेली. छताला क्रेनचा हुक तसाच लटकतोय, त्यालाही फुलं गुंडाळलीत.

डोळे मिटले की लाइट पापण्यांतून केशरी दिसतात. शेजारच्या कंपनीचा पत्रे दाबणारा प्रेस चालू असतो — धप्प... धप्प... जमिनीतून पलंगात येतो, पलंगातून पाठीत. वरून गाणं चाललेलं. वाटतं आपण तळ्याच्या तळाशी पडलोय आणि वर कुणाचं तरी लग्न आहे.

२३ नोव्हेंबर

राजपुत्र म्हणजे सार्थक. सोपानरावांचा नातू! दिसायला खरंच राजपुत्र, पण तोंड उघडलं की — "सर, आमी तयार हाय." सर कपाळाला हात लावतात. गातो मात्र गोड.

घोडी त्यांच्याच घरची, बैलगाडा शर्यतीत बैलांच्या पुढं पळणारी. आज क्लॅप वाजली आणि तिला वाटलं शर्यत सुटली! राजपुत्राला घेऊन थेट महाळुंग्याच्या रस्त्याला. कंपनीच्या गेटवरचा वॉचमन म्हणे सलाम ठोकून उभा.

मला हसू आवरेना. पण झोपलेली राजकन्या हसत नसते. पोट दुखलं.

२७ नोव्हेंबर

आज खरंच झोप लागली. कुणाला कळलं नाही!

२ डिसेंबर

रश्मीताई आली होती. पुण्याची. राजकन्येची स्वप्नातली गाणी तीच गाते — म्हणजे पडद्यावर माझा मिटलेला चेहरा आणि त्यावर तिचा आवाज. इतके दिवस मला तिचा राग होता. माझ्या स्वप्नात ती काय म्हणून गाते?

पण शेवटचं गाणं मला शिकवायला तीच आली. जेवणाच्या सुट्टीत, रिकाम्या शेडमध्ये. मी म्हणून दाखवलं. ती म्हणाली, "गातेयस की गुणगुणतेयस? तोंड उघड. इथे कोण झोपलंय?"

तोंड उघडलं.

आवाज पत्र्यापर्यंत गेला आणि परत माझ्यावर येऊन पडला. एवढा मोठा! माझा? अंगावर काटा आला. रश्मीताई जवळ सरकली. मग म्हणाली, "परत." मग "परत." पाचव्या वेळी म्हणाली, "मला शिकवण्यासारखं फार काही उरलं नाहीये गं, स्वरूपा."

कोण म्हणालं मी निजले होते,
मी तर सारं ऐकत होते...

घरी येताना शूटिंगच्या सुमो गाडीत ओठ मिटूनच म्हणत होते. सवय. पण आता आत जागा मोठी झाल्यासारखी वाटते.

९ डिसेंबर

टीव्हीवर दिसले! संध्याकाळी साडेसहाला. किराणावाले काका म्हणाले, "काय राजकन्या, उठली का?" शाळेतली मुलं मला बघून घोरतात.

आईने डबा भरता भरता बघितलं. माझ्या चेहऱ्यावर रश्मीताईचा आवाज आला तशी थांबली. "किती शांत झोपलीस गं," म्हणाली. तिच्या आवाजात हेवा होता. खरंच होता. मग कंपनीची बस आली, ती पळाली.

१५ डिसेंबर

कसं लिहू?

पलंगावर पडले होते. लाइट बदलत होते म्हणून उठले नव्हते. निरंजन सर आणि निर्मात्यांचा माणूस अगदी उशाशी येऊन बोलायला लागले. झोपलेल्या माणसासमोर लोक काहीही बोलतात, मग ते झोपेचं सोंग का असेना.

"चॅनल मालिका बंद करतंय. याच आठवड्यात संपवा."

"अहो, पण तिला उठवायचंय अजून —"

"आता कुठे उठवता? राजपुत्र गाणं म्हणतो, निघून जातो. ती झोपलेलीच. पुढं कधी दुसरा भाग निघाला तर बघू."

सरांनी कागद गुंडाळल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "बरं."

मी डोळे मिटूनच. पाणी कानात गेलं. मेकअपवाल्या ताईला वाटलं लाइटमुळे डोळे चुरचुरले.

१६ डिसेंबर

आईला सांगणार होते. ती झोपली होती.

१८ डिसेंबर

शेवटचा दिवस. बाहेर टेम्पो येऊन उभा, खांब न्यायला. अर्धा राजवाडा आधीच उतरवला होता. कॅमेऱ्यात दिसेल तेवढाच शिल्लक.

सार्थकचं निरोपाचं गाणं. त्याने माझ्या हाताशी फूल ठेवलं, पाठ फिरवली, चालू लागला. गाणं संपलं. सर आता 'कट' म्हणणार. प्रेसचा धप्प धप्प तेवढा राहिला. मला वाटलं, आत्ता पडून राहिले तर मी पडूनच राहीन. कायमची.

उठून बसले.

कुणीतरी "अगं —" म्हणालं. मी डोळे उघडले. इतक्या दिवसांनी लाइट सरळ डोळ्यांत. कुणी दिसत नव्हतं. बरंच झालं. तोंड उघडलं आणि गायले. वाद्यं नाहीत, काही नाही. सार्थक वळला — त्याला कुणी वळ म्हणून सांगितलं नव्हतं! तो रडत होता, आणि ते अभिनयातलं नव्हतं. सगळं गाणं म्हटलं. पत्र्याने परत दिलं.

 मग सर हळूच म्हणाले, "कट."

मला वाटलं आता ओरडतील. ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "चालू होता ना कॅमेरा? सांगा रे, चालू होता ना?"

होता!!

१९ डिसेंबर

सरांचा फोन. उठलेली राजकन्या ठेवणार. निर्मात्यांनाही आवडलं. पण — "आवाज रश्मीचा घालू. इतके दिवस लोकांनी तोच ऐकलाय. शिवाय तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये शेजारच्या प्रेसचे दणके आहेत, बेटा."

"हो सर," म्हणाले.

हो सर!  म्हणजे उठले मी, आणि गाणार ती.

२२ डिसेंबर

सार्थकचा फोन. ओरडतच बोलत होता. "अगं, रश्मीताई स्टुडिओत गेलीच न्हाई! सर दोनदा बोलले तिच्याशी. ती म्हणली, तिच्या तोंडात मी माझा आवाज घालणार न्हाई, तिला तिचा हाय! सरांनी मग दणक्यांसकट तसंच पाठवून दिलं. व्हय गं, खरंच!"

सार्थकचा फोन ठेवला. रश्मीताईला फोन लावला. उचलला नाही. थोड्या वेळाने मेसेज आला — "रियाज कर. तोंड उघडून."

२३ डिसेंबर

शेवटचा भाग. आई डबा भरून, चप्पल घालूनच टीव्हीसमोर उभी. राजकन्या उठली, गायला लागली. आईचा हात डब्यावरच राहिला.

"हे कोण गायलंय गं?"

"मी."

 खाली बसने हॉर्न दिला. परत दिला. आईने टीव्हीचा आवाज बंद केला. चप्पल काढली, कॉटवर बसली.

"आता इथं म्हण," म्हणाली. "मोठ्यानं म्हण, माय. मी जागी हाय."