बाबांच्या आठवणीतला मी

प्रिय ताई,

'प्रिय' सवयीने लिहिलंय. मनात सध्या तुझ्याबद्दल जे आहे ते लिहिलं तर पोस्टमनलाही लाज वाटेल.

बाबांना तुझ्या त्या स्मरणशक्तीच्या प्रयोगात बसवलंस, इथवर ठीक. चाळीस वर्षं शिलाईयंत्रावर काढलेला माणूस. त्याला काचेच्या खोलीत पंधरा शब्द वाचून दाखवायचे आणि वीस मिनिटांनी परत विचारायचे. सहा आठवले म्हणे. अगं, त्याच खोलीत त्यांनी तुझ्या साहेबांकडे नुसतं बघून सांगितलं ना, कंबर अडतीस, पण शिंप्याला हे छत्तीसच सांगत असतील? ते कुठल्या रकान्यात लिहिलंस? तूच मागे समजावलं होतंस की वय झालं की सुटे शब्द आधी निसटतात, हातातलं कसब टिकतं, आणि आठवणीला भोक पडलं की मन आपलं आपण ठिगळ लावतं. ठिगळ शब्द माझा, तुझा काहीतरी लांबलचक होता. मी तेव्हा तुमच्या खिडकीबाहेरची क्रेन बघत होतो. आहे का गं ती अजून? असो.

तर ठिगळ. बाबा सगळ्यांना सांगतात की आई गेली तेव्हा धाकटा तिच्या पायाशी बसला होता, तळवे चोळत होता. सांगू देत की! तू मात्र दोन परक्या सहकाऱ्यांसमोर त्यांना सांगितलंस, बाबा, तो नव्हता, ही आठवण खोटी आहे. वर नोंदही केलीस. त्यांचा मला फोन आला. नापास झालेल्या पोरासारखे विचारत होते, तू होतास ना रे? मी म्हटलं, होतो. झालं! त्यांनी ते लगेच तुला सांगितलं असणार, तासाभरात तुझा निरोप: खोटं का बोललास, अक्कल गहाण टाकलीस का?

हो, टाकली. निदान चार लोकांत बापाला उघडं तरी नाही पाडलं. खरं सांगायची एवढी घाई होती तर घरी नेऊन, जवळ बसून सांगायचंस. एवढी पुस्तकं वाचून हेही कळू नये?

चार दिवस हा राग घेऊन फिरतोय. तीन पत्रं फाडली, कारण प्रत्येक पत्र एकाच जागी अडतं. आई गेली तेव्हा पुराने रस्ता बंद होता म्हणून पोचलो नाही, असं मी तुम्हाला सांगितलं होतं. रस्ता चालू होता, ताई. तुझा फोन आल्या आल्या निघालो, पण वाटेत बंदरावर उतरलो. एक दोस्त होडी रंगवत होता, म्हणाला, रंगाचा एक हात मारून जा. वाटलं, आई महिनाभर तशीच तर आहे. एका हाताचे तीन दिवस झाले. होडी निळी होती, काठाला पांढरी पट्टी. बसव मला तुझ्या प्रयोगात, पैकीच्या पैकी मिळतील.

रविवारी येतोय. बाबा विचारतील, तेव्हा तू मध्ये तोंड घालायचं नाहीस. नव्हतो, हे मी सांगेन, आणि का नव्हतो तेही. मला शिव्या घालायचा हक्क त्यांचा होता, तू त्या खोलीत त्यांनाच चुकीचं ठरवून तोही परस्पर काढून घेतलास.

तुझाच, अजून रागातच असलेला,
धाकटा