चिमीचं रडणं

३ तारीख

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. चिमीने अख्खी बस डोक्यावर घेतली होती. झोपायची बस आहे ही, दोन्ही बाजूंना एकावर एक फळ्या आणि प्रत्येक फळीला पडदा. तो पडदा काही तिला आवडला नाही. नखाएवढं पोर, पण गळा काढला की देवाने आत भोंगा बसवलाय असं वाटतं. मला वाटलं, आता हे बँडवाले आम्हाला रस्त्यात उतरवतात. पण सकाळी सगळे हसून बघत होते. एकाने तर अंगठा वर केला.

मी तर खूश आहे. परदेश बघेन असं कधी स्वप्नातही नव्हतं. आमचे हे बँडचे दिवे लावणार, मी कपडे धुणार, उसवलेलं शिवणार. राहणं-जेवणं त्यांचं. निघताना दादाने ही वही दिली. म्हणाला, सातवीपर्यंत शिकलीस ते गंजवू नकोस, रोज चार ओळी लिही. पहिल्या पानावर त्याचा नंबर मोठ्ठा लिहिलाय, कारण वस्तू हरवण्यात माझा हात कोणी धरणार नाही. त्याचा फोन साधा बटणाचा आहे. पाठवलेलं तो वाचत नाही, बोलावंच लागतं.

५ तारीख

आज पहिला हॉल. चाकं लावलेल्या काळ्या पेट्या नुसत्या येतच होत्या. गायकाची कातडी पँट पाण्यात घालायची नाही, उलटी करून वाऱ्यावर टांगायची. वास असा, की मेलेला माणूस उठून बसेल.

इथे सगळे खुणेने बोलतात. दिवसभर कानात बोळे, मग काय करणार. गायक तर स्टेजवरून उतरला की तोंड उघडत नाही. गळा जपतो म्हणे. बडबड करणारा एकटा मास्तर. आवाजाचं सगळं तो बघतो. मोठं फळकूट आहे बटणांचं, त्याच्यासमोर बसतो. गोड माणूस, आपली भाषाही बोलतो. म्हणाला, नवीन येईल त्याने माइकवर काहीतरी बोलायचं, ही आमची पद्धत आहे. मी लाजून मेले. मग डोळे मिटून म्हटलं, दादा, मी मजेत आहे, काळजी करू नकोस. हॉलभर माझाच आवाज! ह्यांनी शीळ घातली, लग्नाआधी आमच्या गल्लीच्या तोंडाशी घालायचे तीच. मी म्हटलं, जनाची नाही तर मनाची ठेवा. मास्तरने सगळं यंत्रात भरून घेतलं.

८ तारीख

दुपारी तालीम चालली होती. ड्रमवाल्याने धाडकन काठी हाणली आणि चिमीने जो सूर लावला! मी तिला उचलून पळत होते, तर मास्तर म्हणतो, थांबा बाई, थांबा, लेकरू सुरात आहे. माइक तिच्या तोंडाशी आणला.

रात्री कार्यक्रमाच्या सुरुवातीला सगळे दिवे गेले. त्या अंधारात माझ्या चिमीचं रडणं, डोंगराएवढं. हजारो माणसं किंचाळली. माझ्या अंगावर काटा आला, पान्हा फुटला, पोलकं भिजलं. खोटं कशाला बोलू, अभिमानही वाटला. हे म्हणाले, बघ, लेक आईच्या आधी स्टेजवर गेली.

९ तारीख

चिमी रात्रभर गप्प. कधी नव्हे ती पोटभर झोप मिळाली. मास्तरने तिची रडायची हौस माइकवर फेडली, त्याचं भलं होवो.

ह्यांना शीळ जमत नाही. नुसती हवा जाते. थंडीने ओठ फाटलेत, म्हणतात.

दादाला ह्यांच्या फोनवरून फोन केला. सगळं बोलले. पण मी मजेत आहे म्हणायला गेले, तर जीभ टाळूला चिकटली. दोनदा, तीनदा. दादा हसायला लागला. म्हणाला, तिकडे जाऊन मातृभाषा विसरलीस का गं? वहिनीही मागून हसत होती.

११ तारीख

चिमी फळीवरून पडली. कपाळाला टेंगूळ आलं. तोंड उघडलं तिने, लालबुंद झाली, डोळ्यांतून पाणी, अंग थरथर. आवाज नाही. मी पाठीवर मारत राहिले. हे पडदा सारून नुसते बघत होते.

डॉक्टरकडे नेलं. त्याने चिमीच्या घशात उजेड पाडून बघितलं आणि हात हलवले. सगळं ठीक.

काय ठीक आहे? लेकरू तोंड उघडून रडतंय आणि खोलीत घड्याळाची टिकटिक ऐकू येतेय.

१२ तारीख

ड्रायव्हरने मला बाजूला घेतलं. म्हातारा आहे, कधी बोललेला ऐकला नाही. मला वाटायचं जन्माचा मुका. त्याने आपल्या गळ्यावर बोट ठेवलं, मग स्टेजवरच्या भोंग्याकडे दाखवलं. आत दुसरं गाणं चाललं होतं. त्या गाण्यात मधेच एक माणूस खदाखदा हसतो. ड्रायव्हरने तोंड उघडलं, खांदे हलवले, पोट धरलं. हसत होता. आवाज आतून येत होता, भोंग्यातून.

बसमध्ये रात्री कोणी कानात बोळे घालत नाही. तरी कोणी बोलत नाही. हे मला इतके दिवस दिसलं कसं नाही?

१३ तारीख

मास्तरला विचारलं. तो हसला. म्हणाला, बाई, फोटो काढला म्हणून कोणाचा चेहरा जातो का?

मी त्याचे पाय धरले. हे पुढे झाले, त्याच्या अंगावर ओरडले, माझ्या पोरीचं पुसून टाक म्हणाले. इतके ओरडलेले मी त्यांना कधी बघितले नव्हते. फळकुटावर एक लाल दिवा लागलेला होता.

आज शेवटच्या गाण्यात ह्यांचं ओरडणं आहे. हे माझ्या शेजारी बसलेत. ओठ हलतात.

१४ तारीख

मास्तर म्हणाला, अदलाबदल करू. रडणं परत देतो, तू अंगाई गा. अंगाईला आईचा सगळा गळा लागतो, तेवढा दे.

मी दिला. दुसरी कोण देणार. चिमीला मांडीवर घेतलं आणि गायले, आई मला म्हणायची तीच. शेवटची ओळ संपायच्या आत चिमी रडली. मोठ्याने. भोंग्यासारखी. माझं सोनं. गप म्हणायला तोंड उघडलं —

काही नाही.

१६ तारीख

ह्यांचा फोन चोरून दादाला लावला. त्याने उचलला. बोल गं, म्हणाला. मी नुसतं तोंड हलवत होते. टिचक्या वाजवल्या, फोन आपटला. तेवढ्यात मागून मास्तरने फोन अलगद काढून घेतला, एका डबीला लावला.

डबीतून मी बोलले. दादा, मी मजेत आहे, काळजी करू नकोस.

दादा म्हणाला, आता कसं! देवाला साकडं घातलं होतं, पावला. ठेव, बिल येईल.

फोन आता मास्तरकडे. पासपोर्ट पहिल्यापासून त्याच्याकडेच.

१७ तारीख

चिमी काल रात्रीपासून ओठ मिटतेय, उघडतेय. म म करतेय. पहिला शब्द येणार. आई नाही म्हणायची ती. निघताना दादाने तासभर खांद्यावर घेऊन तिला मामा, मामा शिकवलं होतं.

मास्तरने ऐकलं. चिमीच्या फळीला छोटा माइक लावलाय. खेळणं बांधावं तसा, रिबिनीने. म्हणतो, पहिला शब्द एकदाच येतो बाई. तसली चीज सबंध दौऱ्यात मिळाली नाही.

मी तोडला. त्याने दुसरा लावला.

१७च

हॉलमध्ये झाडू मारणारी बाई आपल्याकडची आहे. तिला फोनवर आपल्या भाषेत कोणाला तरी शिव्या घालताना ऐकलं. किती बरं वाटलं. तिच्यासमोर गेले, तोंड हलवलं. ती म्हणाली, मुकी दिसतेय बिचारी, आणि चिमीच्या गालाला हात लावला. वही तिच्या बादलीत टाकणार आहे. मास्तर पेट्या मोजायला गेलाय —

बाई, कोणीही असा तुम्ही, माझ्या दादाला सांगा. मी फोनवर मजेत आहे म्हटलं तर ती मी नाही. तो मानणार नाही. त्याला सांगा, लहानपणी माझी वेणी खुर्चीला बांधून पळाला होतास, ते मी आईला अजून सांगितलं नाही. मग मानेल —

इथे कपडे धुवायच्या खोलीतही माइक आहे. खिडकीच्या वर. लाल दिवा —

चिमीच्या तोंडावर हात ठेवलाय. किती वेळ ठेवू? गुदमरेल. हात काढला की ती हसते, ओठ मिटते — मा —

नाही गं बाळा. आता नाही —

दाराशी कोणीतरी — बाई, हात जोडते, माझ्या दादाला फोन करा. नंबर पहिल्या पा