हाताचा आकडा

सोमवार, २ तारीख

एकदाचा रुजू झालो. दवाखाना लहान, पण माझी खोली झकास आहे: एक पलंग, एक फिरती खुर्ची आणि ज्याच्यासाठी मला घेतलं ते यंत्र, पडद्यावरचं प्लास्टिकसुद्धा अजून न काढलेलं. ध्वनिलहरी सोडून ते माणसाचं मांस किती कडक आहे हे मोजतं. आपण फळ घेताना अंगठ्याने दाबून बघतो, तसंच. फक्त हे आतून दाबतं. कडक मांसातून लहर भराभर पळते, मऊ मांसातून रमतगमत जाते, आणि वेगावरून आकडा निघतो. कुणाचं यकृत बिघडलं तर त्याच्याआधी मला कळतं. तेवढा भाव मी खाणारच.

रोज सकाळी यंत्र रबरी ठोकळ्यावर तपासायचं. ठोकळ्यावर दहा छापलंय, तेवढेच यायला हवेत. मग माझी जुनी खोड, स्वतःच्या डाव्या हातावर, कोपराखाली, बोहनी करायची. ठोकळा दहा, हात अकरा. उत्तम.

भाड्याच्या खोलीत मी एकटाच. ताईची मुलगी तीन महिन्यांची झाली आणि या मामाने तिला अजून पाहिलेलंही नाही. पंधरा तारखेच्या रविवारी घेऊन येते म्हणाली. दिवस मोजतोय.

गुरुवार, ५ तारीख

आज चाळीस माणसं झाली. येतात, कूस उघडी करतात, छताकडे बघत पडतात, जेल पुसून निघून जातात. माझं नाव अजून कुणी विचारलेलं नाही, मी मशीनवाला. चाळीस जणांना माझा हात लागतो आणि मला कुणाचाच लागत नाही, हे डबा खाताना लक्षात आलं. फार एकटं वाटलं.

ठोकळा दहा. हात चौदा. आवळून धरला असेन.

सोमवार, ९ तारीख

ठोकळा दहा. हात तेवीस. हात सैल सोडून पाच वेळा मोजला.

शेवटी सफाईच्या मावशींना म्हटलं, जरा दाबून बघता का. त्यांनी थट्टा करतच हात धरला, आणि लगेच सोडला. कष्टाचा हात असाच असतो, म्हणाल्या. मग बेसिनवर जाऊन त्यांनी साबणाने हात धुतले. दोनदा.

मंगळवार, १० तारीख

हात एकतीस.

मोठ्या डॉक्टरांना सांगायला गेलो आणि दारातूनच परत फिरलो. सांगितलं तर मला घरी बसवतील. ताईच्या कानावर गेलं तर ती बाळाला घेऊन यायची नाही.

मग डोकं लावलं. यंत्रच जास्त दाखवतंय. तरी ठोकळ्याचे दहाच कसे? कारण ठोकळा खिडकीतल्या उन्हाने मऊ पडलाय. एक चूक दुसरीला झाकतेय. ठोकळा कपाटात टाकला आणि यंत्राचं माप माझ्या हातावरून जुळवून घेतलं, अकरा येईपर्यंत. हायसं वाटलं.

गुरुवार, १२ तारीख

हात अकरा. आज एकाचंही यकृत कडक निघालं नाही. एक पिवळ्या डोळ्यांचे निवृत्त मास्तर आले होते, त्यांचाही आकडा निरोगी. मोठे डॉक्टर खूश होऊन म्हणाले, तुमच्या हाताला गुण आहे.

मास्तरांनी आभार मानायला माझा डावा हात दोन्ही हातांत धरला. मला कळलंच नाही. खाली बघितलं तेव्हा दिसलं.

शनिवार, १४ तारीख

सकाळी पुन्हा जुळवून घ्यावं लागलं यंत्र. मग अकरा.

जेवणाचा डबा हातातून सुटेना — मावशींनी एकेक बोट उचलून सोडवला. उद्या बाळाला घेऊ नका, म्हणाल्या. खूप राग आला. त्यांना काय कळतं. अकरा आहे — पडद्यावर स्वच्छ अकरा.

रविवार, १५ तारीख, सकाळ

ताई आली. भाचीचं नाक अगदी आमच्या बाबांचं. ताई म्हणाली, घे ना, मामा झालास आता. घेतली. डाव्या हातावर. तिने माझा अंगठा धरला — धरलेला दिसला. इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

पावणेबारा

ताई अंघोळीला गेलीय. वही मांडीवर घेऊन उजव्या हाताने लिहितोय. डावा कोपर दुमडलाय — उघडत नाही. बाळ त्या दुमडीत आहे.

कपाटातला ठोकळा — दहाच होता तो. दहाच होता. मीच —

जोर लावला की जास्त आवळतो. बोटं उचलून बघितली, लाकडासारखी. ती रडतेय. ताईला हाक मारायला हवी — मारली तर ती परत कधीच माझ्याकडे —

कोपर आणखी दुमडला. मी नाही दुमडला —

रडणं थांबलं

नळ बंद झाला. ताई आतून विचारतेय, गप्प झाली का रे. मी म्हटलं हो. म्हटलं, झोप