लेकीची जागा

६ फेब्रु., गुरु.
सरपंचांचा माणूस घरोघरी सांगून गेला. बुधवारी शाळेच्या पटांगणात सुनावणी. किनाऱ्याचा नवा आराखडा होतोय. सरूच्या झाडांपासून खाडीपर्यंतच्या पट्ट्यातून जेट्टीकडे रस्ता काढणार म्हणे.
जयेश जाळं सांधत होता. म्हटलं, आपली मुलगी तिथंच आहे ना? नवरा माझा सुई शोधायला लागला. सुई हातातच होती.

९ फेब्रु., रवि.
लिंबायतला, माहेरी. सुनावणीत बोलावं की नको, आईला विचारलं. बाबा म्हणाले, मासळीचं बोल, होड्यांचं बोल, सरकार तेच ऐकतं. बारशाआधी गेलेल्या पोरीचं चारचौघांत काय सांगायचं.
आई भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "तू तिनी माय शेस ना? मंग बोल." तिची आई आहे मी, म्हणून बोलायचं.
पोर गेली त्या दिवशी बायकांना नेलं नव्हतं. मी खाटेवर, दुधानं छाती दाटलेली. ज. आणि सासरे तिला फडक्यात घेऊन गेले, वाळूत पुरून आले. कुठं विचारलं, तर 'सरूपाशी' एवढंच. तेव्हापासून कडेच्या सरूखाली जाऊन बसते. तिच्याशी बोलते. मराठीत. त्या गुजराती गावात ऐकलं तरी कुणाला कळणार.

१२ फेब्रु., बुध.
बोलले. गुजराती पाठ करून गेले होते, अर्ध्यात मराठीवर आले. कुणी हसलं नाही.
साहेब चांगले होते. व्यासपीठावरून खाली उतरून आले. म्हणाले, बेन, नकाशावर जागा दाखवा, आपण खूण करू. मला नकाशात सरूसुद्धा सापडेनात.
मागून ज. उठला. समुद्रावर जातो सांगून निघाला होता सकाळी. आला, नकाशावर बोट ठेवलं. निळ्या रंगावर.
साहेब म्हणाले, "भाई, आ तो दरियो छे."
"हवे दरियो छे," ज. म्हणाला. "त्यारे रेती हती."
आता समुद्र, तेव्हा वाळू. एवढं सांगून जागेवर जाऊन बसला.

१३ फेब्रु., गुरु.
स्वयंपाक केला. दोघंही जेवलो नाही.
मुलगी गेल्यावर पुढच्याच पावसाळ्यात समुद्रानं तेवढी वाळू नेली. त्याला माहीत होतं. इतकी वर्षं.
का नाही सांगितलंस, म्हटलं. तर म्हणे, तू त्या झाडाखालून शांत होऊन यायचीस. कसं सांगू?
मी कुणाशी बोलत होते मग?
रागावायचं होतं. जमलं नाही. तो रोज तिच्यावरून होडी नेतो.

२० फेब्रु., गुरु.
सरकारी कचेरीतून एका मुलीचा फोन. निर्णय व्हायला वेळ आहे. तुमची हरकत ठेवायची की मागे घेताय? तिथं आता काही नाही, असं नोंदलंय. उद्या सांगते म्हटलं.
दुपारी पाय सवयीनं सरूकडे गेले. बसवेना. परतवेना. ज. मागून आला, शेजारी उभा राहिला. म्हणाला, शेजारच्या रमीलाचं बाळ इथंच आहे, मागच्या वर्षीचं. म्हणजे हरकत राहू दे, असं. बाळाचं मला माहीत होतं. रमीलाला तरी कुणी नेमकी जागा दाखवलीय का, कोण जाणे.
मग विचारलं, मला होडीतून नेशील तिथं?
त्यानं पाण्याकडे बघितलं. "भरती उतरू दे," म्हणाला.
उतरली. तोवर दोघंही सरूखाली बसलो होतो. कुणी उठलं नाही.