इकडे येणारी विमानं

लायडस्खेनडाम, नेदरलँड्स,
रविवार, १० ऑक्टोबर २०२१

प्रिय शैलाताई,

नमस्कार. पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, आम्ही सगळे बरे आहोत. ज्ञानदाचं काम घरूनच चालू आहे. मृण्मयीची शाळा सुरू झाली. मराठीत विचारलं की डचमध्ये उत्तर देते आणि वर माझ्याच डचमधल्या चुका काढते. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करत नसशील, माहीत आहे मला.

मी मासे धरायला लागलोय. हसू नकोस! शेजारी हेंक नावाचे आजोबा राहतात, सत्तरी उलटलेले. लॉकडाऊनमध्ये कुंपणावरून बोलता बोलता ओळख झाली. त्यांची लहानशी होडी आहे. शनिवारी सकाळी आम्ही जवळच्या तळ्यावर जातो. मासा म्हणजे स्नूक. हातभर लांब, हिरवट, बदकासारखं चपटं तोंड आणि आत दातांची नुसती करवत. गळाला गांडूळबिंडूळ काही नाही. पिसं आणि चमचमते दोरे बांधून केलेला खोटा मासा असतो, तो जाड दोरीच्या वजनावर लांब फेकायचा. पहिले तीन शनिवार माझ्या गळाला फक्त माझीच टोपी लागली. चौथ्या शनिवारी हेंकची.

बाबा असते तर म्हणाले असते, "अरे, संगमावर कणकेची गोळी लावली की काम होतं, हे पिसांचं थेर कशाला?"

त्यात धरलेला मासा परत सोडायचा! इथली रीतच तशी. पहिला मिळाला तेव्हा मी पिशवी पुढे केली, मनातल्या मनात हळद-मीठही लावून झालं होतं. हेंकनी असं बघितलं माझ्याकडे, जणू मी त्यांचं मांजर शिजवायला मागितलंय. गळ काढायचा, शेपटीपाशी धरून माशाला पाण्यात आडवं ठेवायचं आणि त्याच्यात पुन्हा दम येईपर्यंत थांबायचं. तो स्वतः झटका देऊन जाईपर्यंत हात सोडायचा नाही.

काल असाच एक धरून बसलो होतो. हेंकनी बाबांचं विचारलं. मी नेहमीचं सांगितलं, बाबा हॉस्पिटलात होते, एप्रिलच्या शेवटी इथल्या सरकारनं विमानं बंद केली, जाता आलं नाही. हे वाक्य पाच महिन्यांत इतक्यांदा म्हटलंय की आता अडखळतसुद्धा नाही.

हेंक म्हणाले, "पण बंदी तिकडून इकडे येणाऱ्या विमानांना होती. जायला कुठे होती?"

इथली माणसं अशीच, मनात आलं की तोंडावर. टोचायचं म्हणून नव्हे, त्यांना खरंच कळलं नव्हतं. माझा हात सुटला. मासा पोट वर करून तरंगायला लागला. हेंकनी वाकून त्याला सावरलं आणि थोड्या वेळानं तो गेला नीट.

ताई, जाता येत होतं.

दोहामार्गे तिकीट होतं, मी स्क्रीनवर बघत बसलो होतो. ज्ञानदा म्हणाली, "तू जा, मी बघते इकडचं." मीच घाबरलो. परत येता आलं नाही तर नोकरीचं काय, व्हिसाचं काय, हेच डोक्यात. आणि खरं सांगू? त्या रोगाचीही भीती वाटली. तू रोज त्या वॉर्डबाहेर उभी राहत होतीस आणि मी इथून सांगत होतो, "काय करू गं, विमानंच बंद आहेत." वर तूच माझी समजूत घालायचीस. तू एकटीनं बाबांना अग्नी दिलास. एक जूनला इकडची बंदी उठली. महिनाभर अडकलो असतो, बस! लाज वाटते गं.

फोनवर सांगितलं असतं तर तू लगेच "असू दे रे" म्हणून विषय बदलला असतास. म्हणून हे पत्र.

मागच्या आठवड्यात, पितृपक्षात, तू म्हणालीस की परसातल्या चाफ्याला अस्थींचा तांब्या अजून बांधलेला आहे, थोड्या माझ्यासाठी राखल्यास. "बिचारा अडकला होता, त्याच्याच हातून संगमावर सोडू." शामलाकाकूंनाही तू हेच सांगतेस. मी "हो" म्हणालो आणि दोन दिवस मला जेवण गेलं नाही. हे तुला न सांगता तो तांब्या हातात घेणं मला जमणार नाही.

अठरा डिसेंबरचं तिकीट काढलंय. एकोणीसला कऱ्हाडला पोचेन. त्याआधी तुला वाटलं तर तू जा आणि सोडून ये, मी एक शब्द बोलणार नाही. थांबलीस, तर मी नुसता तांब्या धरीन, अस्थी तूच सोड. पण काही झालं तरी "असू दे" म्हणू नकोस. चीड, चांगली चार वाक्यं सुनाव.

गुडघ्याला शेक देत जा.

जायला विमान असताना न आलेला,
तुझा भाऊ
शिरीष