अर्खांगेल्स्कहून आलेले कागद

१२ जानेवारी २००४, मालवण
अर्खांगेल्स्कहून पाकीट. अकरा पानं, तीन गोल शिक्के. तिथल्या कचेरीने वीराच्या आजीला तिची पालक नेमलंय, त्याचा हुकूम. सोबत आजीच्या हातच्या दोन ओळी : मुलगी गेली, मुलीची मुलगी तरी बघू द्या.
दिगू वारून वर्ष झालं. माझा भाऊ, बोटीवर इंजिनियर. बायको तिथली, गालिना. ती वारली तेव्हा वीरा, माझी वी., दोन वर्षांची. दिगूने तिला आणून माझ्या मांडीवर ठेवली नि पुन्हा बोटीवर गेला. तेव्हापासून प्रगतिपुस्तकावर पालकाची सही माझी. दुसरा कागद एकही नाही.
वी.ला अजून बोलले नाही.

१६ जानेवारी
कुडाळला वकिलांकडे. कोर्टाला सगळं इंग्रजीत लागेल.
"सुमनताई, जिल्ह्यात रशियन येणारं दुसरं कोण आहे? तुम्हीच करा. मुंबईहून तपासून शिक्का आणू."
मुंबईत सोळा वर्षं पंपांची नि क्रेनची माहितीपत्रकं रशियनमधून इंग्रजीत केली. एका शब्दाने कधी हात धरला नाही.

२१ जानेवारी
आज धरला. हुकुमात दोन शब्द. अप्येका : चौदाच्या आतल्या मुलासाठी, त्याच्या वतीने सगळं पालक करणार. पपिचीतेल्स्त्वो : चौदा ते अठरा. करायचं मुलाने, पालकाने फक्त संमती द्यायची. माझ्या कोशात दोन्हींपुढे एकच, गार्डियनशिप.
वी. ७ जूनला चौदाची. त्या दिवशी आजीचा पहिला अधिकार संपून दुसरा, हलका, आपोआप सुरू. दोन्हीकडे गार्डियनशिप लिहिलं तर जज्जांना हे दिसणारच नाही.

३ फेब्रुवारी
आंगणेवाडीची जत्रा. घरी धीर होत नव्हता, दर्शनाच्या रांगेत वी.ला सांगितलं. खाजं खात होती, थांबली.
"म्हणजे माका धाडतलंस?"
"तुका काय होया ता सांग."
"आजी कशी आसा?"
फोटो आहे म्हटलं.
"फोटो नाय गो. बोलता कशी?"

१५ फेब्रुवारी
आजीचा फोन. बारा वर्षांनी कुणाशी रशियन बोलले, आधी जीभ वळेना. आवाज थेट गालिनाचा, तसाच गोल 'ओ'. पहिला प्रश्न, वीराला खोकला झाला की काय देता? मग म्हणाली, "मी तिला तुमच्याकडून हिसकावत नाही. पण माझे पाय आता विमानापर्यंत येणार नाहीत."
वी.ला फोन दिला. एकीचं दुसरीला काही कळत नव्हतं. तरी चार मिनिटं दोघींनी ठेवला नाही.

२ मार्च
वकील म्हणाले, "भाषांतराला वेळ लागतोय म्हणा. मे महिना कोर्टाला सुट्टी. जून येईलच, मग मुलगीच काय ते सांगेल."
भाषांतर पंधरा दिवसांपूर्वी पुरं झालंय. कपाटात आहे. हे फक्त इथे लिहितेय.

५ मार्च
भाषांतर दिलं नेऊन. दुसरा शब्द रशियनच ठेवला, खाली टीप घातली. दोन्ही अर्थ, जसेच्या तसे. आजीचे ते पाय सारखे आठवत होते.

२३ मार्च
ओरोस, कोर्ट. न्यायाधीशांनी टीप दोनदा वाचली. वी.ला आत बोलावलं. ती बाहेर आली.
"बघून येतंय म्हणान सांगलंय."
"नि मग?"
"मगचा माका म्हायत नाय."
आदेश : मुलीला आजीकडे जाऊ द्यावं. चौदा पूर्ण झाल्यावर कुठे राहायचं ते तिने स्वतः लेखी कळवावं.

२८ एप्रिल
तिला मुंबईला विमानात बसवून काल परतले. आज बाजारात बांगडे घेतले. नेहमीची मासेवाली म्हणाली, "चेडवाक तळलेले बारके आवडतत, म्हणान बारकेच घातलंय."
तिचं चेडू म्हणजे आपली वी. घेतले.

१९ मे
फोन. नदीवरचा बर्फ आत्ता कुठे फुटला म्हणे, बघायला गाव लोटला होता. आजीला बाबू म्हणते, बाबुश्काचं बाबू. माझ्याशी बोलता बोलता 'दा' म्हणाली, म्हणजे हो. लगेच सावरून "होय गो."
सावरायला नको होतं तिने. मीच शिकवायला हवी होती ती भाषा. बारा वर्षं होती हाताशी. भीती वाटली असणार मला.

८ जून
काल चौदा झाली. आज फोन. कचेरीतून फॉर्म मिळालाय. भरायचा तिने, आजी खाली संमतीची सही करणार. तिसरा रकाना : कुठे राहणार.
"आते, काय लिहू?"
दोन्ही उत्तरांची रशियन वाक्यं माझ्या तोंडात तयार. एक जरा जास्तच तयार.
"तुझा तू लिही."
"शब्द चुकलो तर?"
"आजी सुधारतली."
 मागे आजी भांडी आवरत होती, तो आवाज येत राहिला.
"आते, तू जेवलंस?"
"जेवलंय."
जेवले नव्हते.
फॉर्मची एक प्रत कोर्टासाठी इथे येणार. टपालाला तीन आठवडे. भाषांतर मलाच करायचंय, तिसऱ्या रकान्यासकट.